चिखलणीचा खेळ

मुंबईत रग्बी पावसाळ्यात खेळतात. उन्हाळ्यात आझाद मैदानाच्या कडेची माती इतकी टणक होते, की अंगावर माणूस घेऊन तिच्यावर आपटणं म्हणजे हाड मोडून घेणं. जून लागतो, दोन-चार मोठ्या सरी पडतात, जमीन पाय रुतेल इतकी मऊ होते आणि मग बॉम्बे जिमखान्याच्या हिरवळीवर रग्बीचे उंच खांब उभे राहतात. ही तीच हिरवळ, जिथे डिसेंबर १९३३ मध्ये भारतातला पहिला क्रिकेट कसोटी सामना झाला आणि लाला अमरनाथांनी ११८ धावा काढल्या. ते शतक घराघरांत सांगितलं गेलं. त्याच जागेवर पावसाळ्यात काय चालायचं, ते सांगणारे मात्र थोडे होते. त्यातला एक आमच्या घरात होता.

माझा आजा तिथे माळी होता. तळोज्याच्या भातशेतीवर सगळ्या भावांचं पोट भरेना, म्हणून तो तरुणपणीच मुंबईला गेला. दिवा-पनवेल रेल्वे तेव्हा नव्हती. सणासुदीला गावी यायचं म्हणजे बरीचशी वाट पायीच तुडवायची. इकडे त्याचे भाऊ मृगाच्या पावसात बैल जुंपून चिखलणी करत, राबातली रोपं उपटून लावणीला भिडत. तिकडे आजा फोर्टात, साहेबांनी दुपारभर तुडवलेलं मैदान संध्याकाळी सारखं करत असे. "घरची चिखलणी सोरली न् साहेबाची धरली," असं तो म्हणायचा. तेव्हा जिमखान्याचं सदस्यत्व फक्त गोऱ्यांना होतं. कुंपणाच्या आत जाणारे आपले लोक म्हणजे माळी, बटलर, भिस्ती.

आजाला रग्बी समजलं ते हुतूतूमुळे. आमच्याकडे भाताची कापणी झाली की खळ्यावर हुतूतूचं रिंगण पडायचं. पकड कशी करायची, पट कसा काढायचा, चढाईला आलेल्याला साखळीत कसं कोंडायचं, हे इथल्या पोरांना चालायला लागल्यापासून ठाऊक. त्या नजरेने आजा साहेबांचा खेळ बघायचा. पंधरा विरुद्ध पंधरा. चेंडू हातात घेऊन पळायचं, पण हाताने तो पुढे फेकायचा नाही, द्यायचा तर मागच्याला. ज्याच्या हातात चेंडू, त्याला आडवा करायचा. "चेंडू कसला, दोनी टोकांनी वरलेला पपनस," असं म्हणून तो हाताने आकार दाखवायचा. कुठला साहेब खरा पकडीचा आणि कुठला नुसताच अंगाने मोठा, हे तो पहिल्या पाच मिनिटांत ओळखत असे. आणि साहेब आंघोळीला गेले की माळी लोक उखडलेली हिरवळ दाबता दाबता त्याच खांबांच्या मध्ये हुतूतूचा एखादा डाव घालत.

त्याच्या गोष्टींतल्या सगळ्यात मोठ्या पाहुण्यांची ओळख 'कलकत्त्याचे साहेब' अशी होती. १९२४ पासून अखिल भारतीय रग्बी स्पर्धा भरू लागली. तीत लष्कराच्या पलटणी असत, सिलोनचे संघ येत, आणि मुंबई-कलकत्त्याची चुरस तर कायमचीच. पण कलकत्त्याचं रग्बी याहून पुष्कळ जुनं. १८७२ च्या नाताळच्या दिवशी तिथे एक सामना झाला, एका बाजूला इंग्लंडचे वीस, दुसऱ्या बाजूला स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्सचे मिळून वीस. पहिला आंतरराष्ट्रीय रग्बी सामना एडिंबरामध्ये २७ मार्च १८७१ ला झाला होता. म्हणजे पावणेदोन वर्षांच्या आत हा खेळ हुगळीच्या काठी पोचला. जानेवारी १८७३ मध्ये कलकत्ता फुटबॉल क्लब निघाला, आणि काही वर्षांतच ओस पडू लागला. उकाडा होता, पलटणी बदलून गेल्या, लोक पोलो आणि टेनिसकडे वळले. तेव्हा उरलेल्या सभासदांनी बँकेतली शिल्लक चांदीच्या रुपयांत काढली, ते रुपये वितळवले आणि त्यांचा एक चषक घडवून घेतला. तीन नागांच्या तीन मुठी, झाकणावर हत्ती. हा चषक इंग्लंडच्या रग्बी संघटनेला भेट दिला. १० मार्च १८७९ रोजी एडिंबराला इंग्लंड आणि स्कॉटलंड त्यासाठी पहिल्यांदा खेळले, सामना बरोबरीत सुटला. आजही हे दोन देश दरवर्षी त्याच कलकत्ता कपसाठी झुंजतात. आंतरराष्ट्रीय रग्बीतला सर्वांत जुना चषक तो हाच.

चषकाची ही गोष्ट आमच्या आजीला कधीच पटली नाही. रुपये वितळवले हे ऐकलं की ती चुलीपुढून बाहेर यायची. राणीछाप रुपयाचं वजन बरोबर एक तोळा. वितळवले होते २७० रुपये, म्हणजे २७० तोळे चांदी. ज्या घरात लग्नाच्या वेळी सुनेच्या पायांत तोडे घालता यावेत म्हणून वर्षानुवर्षं एकेक रुपया कनवटीला राखला जायचा, त्या घरातल्या बाईला एवढ्या चांदीचं भांडं करून ते साता समुद्रापार धाडून देणं हा वेडेपणा वाटला तर नवल नाही. तिचा प्रश्न आजाला दर वेळी अडवायचा. ते रुपये साहेबांचे कुठून झाले, पिकवले कुणी? मी पुढे शाळेत इतिहास शिकवला. त्या चषकाबद्दल जे काही वाचलं, त्यात आजीच्या तोडीचा प्रश्न मला कुठेही भेटला नाही.

आजाची दुसरी आवडती गोष्ट रशियाच्या राजपुत्राची. ही त्याने पाहिलेली नव्हती, जिमखान्यातल्या बटलरकडून ऐकलेली. विलायतेची वर्तमानपत्रं बोटीने येत, साहेब लोक ती वाचून वाद घालत, बटलर ते ऐकत आणि संध्याकाळी माळ्यांना सांगत. आजाच्या सांगण्यात तो राजपुत्र गवताच्या गाडीत लपून रशियातून पळाला होता, मैदानात उतरण्याआधी टोपलीभर कालवं खात होता, आणि कालवांच्या जोरावर वाऱ्याला मागे टाकत होता. कालवांचं नाव निघालं की आम्ही पोरं हसायचो, कारण खाडीची कालवं आमच्या घरी आठवड्याला शिजत आणि तरीही आमच्यातलं कुणी पी.टी. उषा झालेलं नव्हतं.

राजपुत्र खरा होता. अलेक्झांडर ओबोलेन्स्की. जन्म १९१६, पेट्रोग्राड. क्रांतीनंतर त्याचं कुटुंब इंग्लंडला पळून आलं, तो ऑक्सफर्डला शिकला. ४ जानेवारी १९३६ ला ट्विकनहॅमच्या मैदानावर न्यूझीलंडच्या ऑल ब्लॅक्सविरुद्ध तो इंग्लंडकडून उतरला, तेव्हा तो ब्रिटिश नागरिकही झालेला नव्हता. पहिला ट्राय (चेंडू समोरच्यांच्या रेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवणं) त्याने उजव्या कडेने सरळ वेगाने पळून केला. दुसरा मात्र आजवर सांगितला जातो. उजव्या कडेला चेंडू मिळाल्यावर समोर वाट बंद होती. तो तिरका वळला आणि सगळं मैदान आडवं कापत डाव्या कोपऱ्यात जाऊन पडला. न्यूझीलंडचे खेळाडू ज्या दिशेला धावत होते, तिच्या उलट दिशेला तो निघून गेला होता. इंग्लंड १३-० ने जिंकलं, ऑल ब्लॅक्सवरचा त्यांचा पहिलाच विजय. त्या धावेचं चित्रीकरण अजून आहे. सामन्याआधी तो डझनभर कालवं खायचा ही आख्यायिका इंग्लंडमध्येही सांगतात. म्हणजे बटलरने ती गोष्ट बरोबर पोचवली होती. डझनाची टोपली झाली ती फोर्ट ते तळोजा या वाटेवर. २९ मार्च १९४० रोजी, चोविसाव्या वर्षी, लढाऊ विमानाच्या सरावात तो मेला. आजाच्या गोष्टीत तो मरत नसे, रशियाला परत जात असे.

त्याच १९३६ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला ऑलिंपिक भरलं होतं आणि अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे खेळाडू तिथे आपले देशी खेळ दाखवायला गेले होते, त्यांत कबड्डीही होती. आजाला हे ठाऊक नव्हतं. मी त्याला सांगितलं तेव्हा तो बराच म्हातारा झाला होता. त्याने एवढंच विचारलं, "चिखलान ख्यालले का सुक्यान?"

रग्बीचा पुढचा भाग माझ्यापर्यंत आला तो चाचांकडून. तळोजे पाचनंदमध्ये कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे. कोकणातली ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या बोटीवर जात. आमच्या ओळखीचे एक चाचा इंजिनखान्यात कामाला लागले आणि फायरमनपासून सुरुवात करून निवृत्त होईपर्यंत जगातली बंदरं बघत राहिले. रमजानमध्ये रोजा सुटल्यावर किंवा पावसाची झड लागल्यावर त्यांच्या पडवीत माणसं जमत. आजाही जाऊन बसायचा. एकाने मैदान आतून पाहिलेलं, दुसऱ्याने जग. दोघांची मैत्री रग्बीवर झाली, हे तळोज्यातल्या लोकांना तेव्हाही विचित्र वाटायचं.

चाचांची बोट कार्डिफला लागायची. कोळशाचं बंदर, गोदीजवळ जगातल्या सगळ्या जातींच्या खलाशांची वस्ती. तिथल्या म्हाताऱ्यांनी त्यांना एकच सामना पुन्हा पुन्हा सांगितला होता, १६ डिसेंबर १९०५ चा. न्यूझीलंडचा संघ पहिल्यांदाच ब्रिटनच्या पूर्ण दौऱ्यावर आला होता आणि ज्याला भेटेल त्याला धूळ चारत होता. कार्डिफला वेल्सशी गाठ पडली. न्यूझीलंडवाल्यांनी हाका हे माओरी युद्धनृत्य केलं. त्याला उत्तर म्हणून वेल्सचे खेळाडू आपल्या भाषेतलं राष्ट्रगीत गाऊ लागले आणि प्रेक्षकांनी ते उचलून धरलं. सामन्याआधी राष्ट्रगीत गाण्याची जगभरची प्रथा तिथून सुरू झाली असं मानतात. टेडी मॉर्गनने वेल्ससाठी ट्राय केला. तेव्हा ट्रायचे ३ गुण. उत्तरार्धात न्यूझीलंडचा बॉब डीन्स रेषेकडे झेपावला. तो म्हणाला, चेंडू रेषेपलीकडे टेकवला होता, वेल्सच्या गड्यांनी मला मागे ओढलं. वेल्सवाले म्हणाले, रेषेच्या अलीकडेच पडला. पंच जॉन डलास साध्या कपड्यांत होते, पायांत घसरणारे बूट, ते मागे राहिले होते. पोचले तेव्हा चेंडू रेषेच्या अलीकडे दिसला. ट्राय नाकारला. वेल्स ३-० ने जिंकलं. ब्रिटनमधल्या त्या संपूर्ण दौऱ्यात न्यूझीलंड हरलं ते एवढंच. डीन्स १९०८ मध्ये चोविसाव्या वर्षी वारला आणि मरतानाही आपण तो ट्राय केला होता असंच सांगत होता, असं न्यूझीलंडमध्ये म्हणतात.

पडवीत यावर दोन तट पडायचे. चाचा वेल्सच्या बाजूचे, कारण कार्डिफच्या थंडीत त्यांना गरम सूप पाजणारी माणसं वेल्सची होती. आजा डीन्सच्या बाजूचा. मरताना माणूस खोटं बोलत नाही, हा त्याचा पुरावा. मला विचाराल तर डीन्स खरं बोलत होता आणि निकालही योग्यच होता. मैदानावर पंचाला जे दिसलं त्याच्या पलीकडे खेळाला दुसरं सत्य नसतं. पण त्या दौऱ्याची दुसरी बाजू मला फार उशिरा कळली. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत इराणच्या महिलांनी आपल्या मुलींना कबड्डीच्या अंतिम फेरीत २७-२४ असं हरवलं, आणि त्यांच्या प्रशिक्षक होत्या आपल्या नाशिकच्या शैलजा जैन. इंग्रजांनी जगाला शिकवलेला खेळ जगाने त्यांच्याच अंगणात येऊन जिंकला तेव्हा त्यांना काय वाटलं असेल, ते मला त्या दिवशी कळलं. दुखलंही आणि शैलजाताईंचा अभिमानही वाटला.

चाचांच्या गोष्टींतली सगळ्यात लांबलेली गोष्ट केपटाऊनची. रत्नागिरी-कुलाब्याकडची कोकणी मुसलमान कुटुंबं शंभराहून अधिक वर्षांपूर्वी केपटाऊनला जाऊन वसली आहेत. घरात कोकणी बोलत, हापूसची आठवण काढत. चाचांचे नात्यातले लोक तिथे होते, बोट लागली की चाचा त्यांच्याकडे राहायला जात. त्या वस्तीचं वेड होतं रग्बी. केपच्या गोरेतर, मुख्यतः मुसलमान, क्लबांनी १८८६ मध्येच आपली वेगळी संघटना काढली होती. गल्लीगल्लीत क्लब, शनिवारी सामना, घरात जर्सी धुऊन वाळत घातलेल्या. पण देशाच्या संघात, स्प्रिंगबॉक्समध्ये, यांच्यातल्या एकालाही जागा नव्हती. ती हिरवी जर्सी फक्त गोऱ्यांची. न्यूलँड्स मैदानावर मोठा सामना असला की गोरेतर प्रेक्षकांना वेगळ्या कठड्याच्या आत उभं राहावं लागे. आणि तिथे उभी राहून ही सगळी माणसं आपल्या देशाच्या विरुद्ध ओरडत. पाहुणा संघ कुठलाही असो, ऑल ब्लॅक्स असोत की ब्रिटिश लायन्स, टाळ्या त्यांना. चाचा सांगत, की त्यांच्याबरोबर आलेला सात-आठ वर्षांचा भाचा आपल्याच देशाने गुण मिळवला म्हणून रडत होता.

न्यूझीलंडही यात धुतल्या तांदळासारखं नव्हतं. जॉर्ज नेपिया नावाचा माओरी मुलगा एकोणीस वर्षांचा असताना १९२४-२५ च्या दौऱ्यावर गेला आणि एकूण एक सामना खेळला. तोच नेपिया १९२८ मध्ये दक्षिण आफ्रिकेला जाऊ शकला नाही, कारण माओरी तिथे चालत नव्हते. १९६० मध्येही माओरींना घरी ठेवून संघ पाठवला गेला. १९७० मध्ये त्यांना नेलं, ते 'मानद गोरे' असा शिक्का मारून. या दोन शब्दांइतका घाणेरडा किताब खेळाच्या इतिहासात दुसरा नसेल. १९८१ मध्ये स्प्रिंगबॉक्स न्यूझीलंडला आले तेव्हा तिथल्या सामान्य लोकांनी रस्ते अडवले. २५ जुलैला हॅमिल्टनमध्ये निदर्शक कुंपण पाडून मैदानात घुसले आणि सामना रद्द करावा लागला. १२ सप्टेंबरला ऑकलंडच्या शेवटच्या कसोटीत एक छोटं विमान मैदानावर घिरट्या घालत पिठाच्या पिशव्या टाकत राहिलं. त्या वर्षी चाचांची बोट न्यूझीलंडच्या फेरीवर होती. एक गोरी म्हातारी बाई दुसऱ्याच्या देशातल्या काळ्या माणसासाठी पोलिसांच्या लाठीपुढे उभी राहिलेली त्यांनी पाहिली. ही गोष्ट सांगताना ते नेहमी उभे राहत.

आजा १९८०च्या दशकातच गेला. चाचा होते. २४ जून १९९५ ची बातमी मी त्यांना वाचून दाखवली. जोहान्सबर्गचं एलिस पार्क, विश्वचषकाचा अंतिम सामना, दक्षिण आफ्रिका विरुद्ध न्यूझीलंड. सत्तावीस वर्षं तुरुंगात काढलेले नेल्सन मंडेला राष्ट्राध्यक्ष म्हणून मैदानात आले, ते अंगात तीच हिरवी जर्सी घालून. पाठीवर कर्णधार फ्रांस्वा पिनारचा ६ आकडा. स्टेडियममधले बहुतेक प्रेक्षक गोरे, आणि ते त्यांच्या नावाचा घोष करू लागले. सामन्यात एकही ट्राय झाला नाही. जादा वेळेत जोएल स्ट्रान्स्कीने उडत्या लाथेने चेंडू खांबांमधून घातला, १५-१२. आफ्रिकेचे सगळे पंधरा गुण त्याचेच. संघात गोरेतर खेळाडू एकच होता, चेस्टर विल्यम्स, केप प्रांतातला.

चाचा आधी मानेनात. जर्सी दुसरी कुठली तरी असेल म्हणाले. फोटो दाखवला तेव्हा म्हणाले, केपटाऊनला पत्र टाक. उत्तर आलं त्यात घराच्या दोन तऱ्हा झाल्या होत्या. म्हातारे मंडेलांचं बघून हिरव्या जर्सीसाठी पहिल्यांदा ओरडले होते. पोरं मात्र ऑल ब्लॅक्सच्याच बाजूची राहिली. जी जर्सी आमच्या बापाला कठड्याआड उभी करत होती, ती एका दुपारीत आमची कशी होईल, असं एकाने लिहिलं होतं. आजही केपटाऊनमध्ये ऑल ब्लॅक्ससाठी गळा काढणारे लोक आहेत. मला त्या पोराचा राग खरा वाटतो आणि मंडेलांचा निर्णय त्याहून मोठा वाटतो. ज्याने सगळ्यात जास्त सोसलं त्याने ती जर्सी अंगात घातली. सिया कोलिसी हा कृष्णवर्णीय मुलगा २०१८ मध्ये स्प्रिंगबॉक्सचा कर्णधार झाला आणि २०१९ व २०२३ असे दोन विश्वचषक त्याने उचलले. एलिस पार्कच्या त्या दुपारनंतर पहिला कृष्णवर्णीय कर्णधार मिळायला आणखी तेवीस वर्षं जावी लागली. चाचा तोवर नव्हते.

त्या पत्रात आणखी एका माणसाचं नाव होतं. अंतिम सामन्याच्या सहा दिवस आधी न्यूलँड्सवर इंग्लंडशी उपांत्य सामना झाला होता. आमचे केपटाऊनवाले तो पाहायला गेले होते, या वेळी हव्या त्या जागी बसून. जोना लोमू. आईवडील टोंगा बेटांवरचे, जन्म ऑकलंडचा, वय वीस, उंची साडेसहा फुटांच्या जवळ. त्या दिवशी त्याने चार ट्राय केले. पहिल्याच वेळी अंगावर आलेल्यांना झुगारत गेला आणि शेवटचा आडवा आलेला माइक कॅट त्याने चक्क तुडवला. न्यूझीलंड ४५-२९. जगाला वाटलं, असा धडधाकट माणूस पुन्हा होणार नाही. पण त्याच सुमारास त्याला मूत्रपिंडाचा आजार असल्याचं निदान झालं. तो त्या आजारासह खेळत राहिला, पुढे डायलिसिसवर गेला, २००४ मध्ये मूत्रपिंडाचं प्रत्यारोपण झालं, आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये चाळिसाव्या वर्षी वारला. आमच्या शेजारची एक बाई आठवड्यातून तीनदा डायलिसिसला पनवेलला जाते. तिच्या चेहऱ्यावरचा थकवा पाहिला की लोमूचा पराक्रम मला त्या चार ट्रायपेक्षा पुष्कळ मोठा वाटतो.

आणि आपण? १८७२ मध्ये ज्या देशात हा खेळ पोचला, त्या देशाच्या संघाने पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला तो १९९८ मध्ये, सिंगापूरला, कझाकस्तानविरुद्ध. मध्ये एकशे सव्वीस वर्षं गेली. त्या पहिल्या संघात मुंबईचा एक नट होता, राहुल बोस. सिनेमात काम करणारा माणूस चेहऱ्याची काळजी सोडून चिखलात तोंड घालतो, हे आजाला आवडलं असतं. पुढे बोस भारतीय रग्बी संघटनेचे अध्यक्ष झाले. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत सेव्हन्समध्ये, म्हणजे सात-सात खेळाडूंच्या रग्बीत, आपला संघ उतरला. २०२५ च्या जूनमध्ये अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलात रग्बीची व्यावसायिक लीगही झाली. हे सगळं चांगलंच आहे, पण माझं मन अडकलंय ते दुसऱ्याच एका सामन्यात.

हुतूतूच्या रिंगणाबाहेर बसून मी लहानपण काढलं. नियम मला भावांइतकेच पाठ होते, पण मुलीने अंगाला अंग लावून खेळायचं नाही, असा दंडक होता. त्यामुळे भारताच्या मुलींनी पंधराजणींचं रग्बी खेळायला घेतलं हे कळल्यावर मी त्यांचा पाठपुरावाच सुरू केला. २०१८ मध्ये सिंगापूरला त्यांचा पहिला सामना झाला, त्या हरल्या. जून २०१९ मध्ये फिलिपिन्सला त्यांची सिंगापूरच्या संघाशी गाठ पडली. कर्णधार पुण्याची वाहबिझ भरुचा, पेशाने फिजिओथेरपिस्ट. संघात बिहारची स्वीटी कुमारी, वाऱ्यासारखी पळणारी. ओडिशाची सुमित्रा नायक, भुवनेश्वरच्या आदिवासी मुलांच्या शाळेत खेळ शिकलेली. सामन्याचे अखेरचे क्षण, भारत एका गुणाने मागे, आणि पेनल्टी मिळाली. सुमित्राने चेंडू ठेवला आणि खांबांमधून मारला. २१-१९. पंधराजणींच्या रग्बीत भारताच्या मुलींचा तो पहिला विजय.

२०१५ च्या विश्वचषकात ब्रायटनला जपान असंच शेवटच्या मिनिटाला तीन गुणांनी मागे होतं. समोर दक्षिण आफ्रिका. पेनल्टीची लाथ मारली असती तर बरोबरी झाली असती. कर्णधार मायकल लीचने लाथ नाकारली, स्क्रम (दोन्ही बाजूंच्या गड्यांनी खांदे भिडवून चेंडूसाठी केलेली रेटारेटी) घेतला, आणि कार्न हेस्केथने कोपऱ्यात ट्राय करून ३४-३२ असा रग्बीतला सर्वांत मोठा धक्का दिला. लोक लीचच्या धाडसाचं कौतुक करतात, आणि ते खरंच आहे. पण लीचच्या हातात बरोबरी होती. सुमित्राची लाथ चुकली असती तर काहीच उरलं नसतं. एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी, आपल्या संघाच्या पहिल्या विजयासाठी, एकटीने चेंडूसमोर उभं राहणं मला लीचच्या स्क्रमहून अवघड वाटतं. त्यानंतर महाराष्ट्राच्या वैष्णवी पाटील, कल्याणी पाटील यांच्यासारख्या मुली २०२३ च्या हांगचौ आशियाई स्पर्धेत भारताकडून खेळल्या. आपल्याकडच्या गावांत शोभणारी ही नावं रग्बीच्या जर्सीवर आली, तरी आपल्या वर्तमानपत्रांनी त्यांना हवी तेवढी जागा दिली नाही.

तळोज्याची शेती आता कारखान्यांखाली आणि इमारतींखाली गेली. पेंधरपर्यंत मेट्रो आली. खळी राहिली नाहीत, पण शाळांना मैदानं आहेत, आणि पहिला पाऊस पडला की त्यांच्या फाटकांना कुलपं लागतात, पोरं चिखलात खराब होतात म्हणून. तळोजा, पेंधर, खारघर, कामोठ्याच्या शिक्षकांना आणि पालकांना माझं एवढंच सांगणं आहे. येत्या जूनमध्ये ते कुलूप काढा. एक लांबट चेंडू आणा, फार महाग मिळत नाही. लहान मुलांना अंगावर न पडता, नुसतं हात लावून अडवायचं रग्बी खेळता येतं, त्यात इजेची भीती कमी. पकड इथल्या मुलांच्या रक्तात आहे, ती शिकवावी लागणार नाही. आणि पहिला संघ मुलींचा करा.